क्लचवरचा पाय

ही गोष्ट आजपर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. मित्रांत नाही, पाहुण्यारावळ्यांत नाही, देवापुढं हात जोडले तेव्हाही नाही. मंगलला तर नाहीच — आणि सांगायची होती ती तिलाच. मंगल म्हणजे माझी बायको. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही एक भित्रेपणाच, माहीत आहे मला.

गोष्ट तशी लहान आहे. एका गाडीचा क्लच, बस्स. कुणाचं हाड मोडलं नाही, कुणी पोलिसात गेलं नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो — एवढंसं काय त्यात? घराघरात नवरे बायकांना काय काय बोलतात. पण एवढंसंच असतं तर ते अजून माझ्या उशाशी ठाण मांडून बसलं असतं?

आम्ही पाटोद्याचे. माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की लोक माझ्याकडं आणतात, मी खोलून तारा नव्या भरून देतो. हाताला कसब आहे, हे लोक म्हणतात आणि मलाही ते ऐकायला आवडतं. आवडायचं. मंगल जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई. शाळा लिंबागणेशच्या अलीकडं, रस्ता सोडून आत एका खेड्यात. जीपमध्ये कोंबून घेत जायची, फाट्यावर उतरून पुढं चालायची. मग मी एक जुनी, लहानशी पांढरी गाडी घेतली. घेतली मी माझ्यासाठी. शिकली मात्र ती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लास लावला तिनं. चाळिशी ओलांडलेली बाई — मी हसलो होतो. म्हटलं, दोन दिवसांत सोडील. सोडलं नाही. पदर कमरेला खोचायची, चपला काढून सीटखाली सारायची आणि अनवाणी पायांनी गाडी चालवायची. मी रागावलो की म्हणायची, "पायाला कळतं ओ. चपलंतून काय कळतंय?"

आता सांगूनच टाकतो. ती माझ्यापेक्षा चांगली चालवायची. चढावर ट्रकच्या मागं गाडी अडकली तर माझी हातभर मागं सरकते. तिची तसूभर हलायची नाही. वळणावर मी ब्रेक दाबतो, ती आधीच गिअर उतरवून मोकळी. गाडीच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक, पण गाडीला काय पाहिजे ते तिला ठाऊक. शाळेतल्या आणखी दोन बायका तिच्याबरोबर जायला लागल्या. आणि रविवारी ती एकटी अंबाजोगाईला जायची, तिच्या आईकडं. आई मेव्हण्याजवळ राहायच्या. साखरेनं त्यांची नजर गेलेली. गाडी गल्लीत वळली की आवाजावरून ओळखायच्या म्हणे — आली माझी मंगल.

मला हे सगळं बघून बरं वाटायला हवं होतं, नाही का? थोडं वाटायचंही. पण गावात लोक 'बाईंची गाडी' म्हणायला लागले. एकदा लिंबागणेशला लग्नाला गेलतो. मंगल चालवत होती, मी डाव्या अंगाला. मांडवापुढं उतरलो तर ओळखीतला एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "काय बे, ड्रायव्हर लई भारी ठेवलाय की!" दुसरा म्हणाला, "आन् हा क्लीनर." सगळे हसले. मीही हसलो. येताना चावी मी घेतली, आणि वाटेत तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिला कळलंही नसेल काय झालं ते.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. असं झालं होतं, एवढंच.

दिवाळीच्या आधी गाडी थरथरायला लागली. पहिल्यांदा मंगलच्याच ध्यानात आलं. शाळेतून आली आणि म्हणाली, "ओ, गाडी उचलताना हिसके देती. आधी अशी करत न्हवती. जरा बघा की."

मी चहा पीत होतो. कप खालीसुद्धा ठेवला नाही. म्हटलं, "पाय. क्लचवर पाय ठेवून चालवतीस तू. प्लेट खाल्ली असंल."

गाडी न बघता. बॉनेट न उघडता. आता तुम्हाला गाडीतलं कळत नसेल तर दोन शब्दांत सांगतो. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये एक गोल प्लेट असते, दोन्ही बाजूंनी खरखरीत अस्तर लावलेली. क्लच दाबला की ती सुटते, सोडला की धरते. चालवणारा पाय कायम पेडलवर टेकवून बसला तर प्लेट अर्धी सुटलेली, अर्धी धरलेली घासत राहते आणि जळते. नवख्या माणसाची ही नेहमीची खोड. म्हणून कुठल्याही मिस्त्रीच्या तोंडी पहिलं वाक्य तेच येतं. माझ्याही आलं. तोवर त्यात पाप नव्हतं. नुसता उद्धटपणा होता.

पण मी ते सांगत सुटलो. दुकानात येणाऱ्याला सांगितलं — बायकोनं क्लच खाल्ला. शेजाऱ्याला सांगितलं. मेव्हण्याला फोनवर सांगितलं, "तुमच्या आक्काचा पाय लई जड हाय बरं का." तो हसला. मंगल समोरच भाजी निवडत होती. तीही हसली, थोडं. बघा, गाडी खोलायच्या आधीच निकाल लागला होता, आणि तो गावभर झाला होता.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी नीट तपासायला घेतलं. गाडी पळताना काही होत नव्हतं. फक्त पहिल्या गिअरमध्ये उचलताना आणि मागं घेताना ती अंगात आल्यासारखी हलायची. क्लच पुरता सुटला की शांत. म्हणजे चाकांचा दोष नाही, ब्रेकचा नाही. इंजिन जागेवर चालू ठेवलं तर एकसारखा आवाज, म्हणजे तिथंही काही नाही. मंगलला सीटवर बसवलं, हँडब्रेक ओढायला लावला आणि म्हटलं, हळूहळू क्लच सोड. मी बॉनेट उघडून इंजिनाकडं बघत उभा. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं ते फाटले असतील तर ते उसळतं. पाय चांगले होते. क्लचची केबल बघितली. तीही मोकळी होती.

शेवटी एक चाचणी राहिली. हँडब्रेक घट्ट ओढून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. प्लेट झिजलेली असेल तर ती घसरते, इंजिन चालूच राहतं. प्लेट चांगली असेल तर इंजिन जागेवर बंद पडतं.

मंगलनं क्लच सोडला. इंजिन खाडकन बंद पडलं.

तिनं काचेतून मान बाहेर काढून विचारलं, "काय समजलं?"

इथंच मला समजलं होतं. जळालेली प्लेट असं धरत नाही. मी म्हणालो, "खोलल्याशिवाय काय सांगता येत न्हाई." हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, नाही का?

गॅरेजला टाकायचा प्रश्नच नव्हता. मोटारी खोलणाऱ्या माणसानं गाडी दुसऱ्याकडं न्यायची? घरासमोर खोलायचं ठरवलं. मदतीला कुणाला बोलावू म्हणून विचार करत होतो तर मंगल म्हणाली, "मी हाय की." जुनी साडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून आली.

बॅटरीच्या तारा सोडल्या. गाडी उचलायच्या आधी, ती सपाटीवर उभी असतानाच, गिअरबॉक्सच्या अंगाचा ऑइल भरायचा बोल्ट ढिला केला. हा बोल्ट काढला की ऑइल नुसतं भोकाच्या काठाला लागलेलं दिसायला पाहिजे. बोल्ट फिरवला आणि ऑइलची धार माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आली.

मी तसाच आडवा पडून राहिलो. आठवलं. पावसाळ्याच्या तोंडाला गिअरबॉक्सचं ऑइल मीच बदललं होतं. पाणी निघून जावं म्हणून आमच्या अंगणाला उतार आहे. गाडी त्या उतारावरच उभी होती, आणि सपाटीवर न्यायचा मला कंटाळा आला. भोक वरच्या अंगाला गेलेलं, त्यामुळं ऑइल काठाला यायला वेळ लागला, आणि मी ओतत राहिलो. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं, असं तेव्हा मनात म्हटलेलंही आठवलं. जास्त झालेलं ऑइल कुठून तरी वाट काढणारच की.

"काय ओ, लागलं का काय?" मंगलनं विचारलं.

"न्हाई. ऑइल हाय."

दोन्ही बाजूंचे एक्सल, म्हणजे चाकांकडं जाणारे दांडे काढले. गाडीखाली लाकडी ठोकळे रचले, जॅक गिअरबॉक्सच्या पोटाखाली घेतला. गिअरबॉक्स जड असतो आणि सुटताना वेडावाकडा कलतो. एका माणसाला झेपत नाही. मंगलनं खालून दोन्ही हातांनी तोल धरला, मी शेवटचा बोल्ट काढला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो ओढत, टेकवत खाली घेतला. तिच्या गालाला काळं लागलं होतं. दम लागला होता तिला, पण खूश होती. म्हणाली, "झालं की! मला वाटलं पडतंय आता माझ्या छातीवर."

तेवढ्यात आत फोन वाजला. शनिवारी दुपारी तिच्या आईचा फोन यायचा. ती हात पुसत आत गेली.

मी क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट सोडले आणि क्लच प्लेट हातात आली.

अस्तर जाड होतं. अस्तर बसवलेल्या रिबिटा खोल, बुडाशी. प्लेट ज्या जाड चकतीला धरते त्या फ्लायव्हीलवर तापून पडतात तसे निळे डाग — एकही नाही. कुणीही या प्लेटवर पाय ठेवून गाडी चालवली नव्हती. उलट इतक्या जपून वापरलेली प्लेट मी क्वचितच बघितली असेल. फक्त ती ओली होती. ऑइलानं तुळतुळीत झालेली. गिअरबॉक्सच्या तोंडात बोटं घातली. काळी, ओली होऊन बाहेर आली. वाढलेलं ऑइल सीलमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या रबरी कड्यातून झिरपून प्लेटवर आलं होतं, म्हणून ती धरताना सुटायची आणि सुटताना धरायची. म्हणून गाडी थरथरत होती. माझ्या ऑइलानं.

आतून मंगलचा आवाज येत होता. "न्हाई आई, या रविवारी न्हाई. गाडी खोललीय. अगं माझ्याच पायानं खराब झाली म्हणतेत हे. व्हय. आता नीट चालवीन. पुढच्या रविवारी येते की."

मी अंगणात बसून ते ऐकत होतो. तिला हाक मारायला कितीसा वेळ लागला असता? मंगल, बाहेर ये, हे बघ, चूक माझी हाय. ती हसली असती. महिनाभर चिडवलं असतं. तिच्या भावानं मला फोन करून चिडवलं असतं. एवढंच झालं असतं ना? पण मी दुकानात, गल्लीत, सासुरवाडीत सांगून बसलो होतो. आणि मला तो मांडव आठवला. आता ड्रायव्हरही तीच चांगली आणि गाडी बिघडवणारा मी — असं झालं असतं.

ती बाहेर आली तेव्हा प्लेट पोत्याखाली होती. "निघालं का काय?" म्हणाली. मी म्हटलं, "उद्या बीडला नेऊन दाखवतो, मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी बसनं बीडला गेलो. पार्टच्या दुकानदारानं प्लेट हातात घेतली, उलटसुलट केली. म्हणाला, "प्लेटीला काय झालंय? अजून लई चालली असती. ऑइलनं गेली ही. सील गळतंय, ते बी घेऊन जा." मी नवा क्लचसेट घेतला, सीलही घेतलं. निघायला वळलो आणि थांबलो.

दाराशी भंगाराचा ढीग होता. त्यात कुणाच्या तरी गाडीची जळालेली प्लेट पडली होती. अस्तर झिजून पार रिबिटा वर आलेल्या, काळीठिक्कर, कडेला तडे गेलेली. आकार साधारण आमच्यासारखाच.

मी विचारलं, "ही नेऊ का?"

"न्या की. भंगारच हाय. पण कशाला?"

"दाखवायला."

"कुणाला?"

मी आमची प्लेट त्या ढिगावर ठेवली आणि ती उचलली. पिशवीत घातली. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. बीडपासून पाटोद्यापर्यंत एवढा रस्ता आहे — वाटेत कुठंही खिडकीतून ती फेकता आली असती. बसमधला विचार म्हणाल तर एकच होता: शिकायला बाहेरगावी असलेली आमची पोरगी सुट्टीला यायच्या आत गाडी जोडून व्हायला पाहिजे. हेच मला आजही कळत नाही. माणूस असं काही करताना इतका साधा कसा असतो?

घरी आलो तर मंगलनं सगळे नटबोल्ट डिझेलमध्ये धुऊन, पुसून, एका परातीत मांडून ठेवले होते. ज्या बाजूचे त्या बाजूला. मी पिशवीतून प्लेट काढून तिच्या हातात दिली.

तिनं ती उजेडात धरली. वर आलेल्या रिबिटांवरून बोट फिरवलं. परत उलटी करून बघितली. मग म्हणाली, "एवढं?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"मी एवढा दाबून धरीत होते का ओ पाय? मला तर वाटायचं मी उचलते."

मी म्हणालो, "मग काय."

तिनं परत एकदा प्लेटीकडं बघितलं. "असंल," म्हणाली.

ती भांडली असती तर! 'न्हाई, मी न्हाई ठेवत पाय' असं ठणकावून म्हणाली असती तर कदाचित — नाही, कदाचित वगैरे काही नाही. मी तरीही तेच म्हणालो असतो. पण ती भांडली नाही. स्वतःच्या पायाला जे कळत होतं ते तिनं माझ्या शब्दापुढं सोडून दिलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून नवा क्लच बसवला. हे मला सगळ्यात जड जातं सांगायला. तिला दोष देऊन झाल्यावरही ती खाली आडवी होऊन माझ्याबरोबर काम करत होती. ती पाणी आणायला आत गेली तेव्हा मी घाईघाईनं जुनं सील उपसून नवं ठोकलं. फ्लायव्हील पेट्रोलनं पुसलं, पॉलिश पेपर मारला. नवी प्लेट बरोबर मध्यावर बसायला पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत जात नाही. त्यासाठी एक लाकडी दांडी तासून, टेप गुंडाळून जाड केली. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. मग गिअरबॉक्स. मंगल खालून उचलून धरतीय, मी दांडा जुळवतोय, जमत नाही, दोघंही घामाघूम. शेवटी तीच म्हणाली, "जरासा डावीकडं घ्या." घेतला, आणि तो सरकन आत गेला. यावेळी ऑइल मी गाडी सपाटीवर उभी करून भरलं. काठापर्यंत. थेंबभरही जास्त नाही.

गाडी लोण्यासारखी चालायला लागली. मी चक्कर मारून आलो, चावी तिच्या हातात दिली आणि वर म्हणालो, "आता नीट वापर."

ती नीट वापरायला लागली. म्हणजे काय केलं सांगू? चप्पल घालून बसायला लागली, कारण अनवाणी पाय पेडलवर रेंगाळतो असं तिनं मनाशी धरलं. गिअर टाकला की डावा पाय झटकन उचलून सीटजवळ ओढून घ्यायची, चटका बसल्यासारखा. त्यामुळं क्लच एकदम सुटायचा आणि गाडी आचका देऊन बंद पडायची. जिची गाडी चढावर मागं सरकत नव्हती तिची सपाटीवर बंद पडायला लागली. बरोबरच्या बायका आधी गप्प बसल्या, मग काही ना काही कारण काढून जीपनं जायला लागल्या.

एका बाजारच्या दिवशी स्टँडसमोर गाडी बंद पडली. मागं बस. मी शेजारीच होतो. तिनं चालू केली, पुन्हा बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. बस हॉर्न वाजवतेय, भाजीवाले बघतायत. कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, मालकाकडं द्या की ष्टेरिंग!" मंगल उतरली. गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि दार उघडून उभी राहिली. मी सरकलो. गाडी चालवत घरी आणली.

घरी आल्यावर तिनं चावी खिळ्याला अडकवली. "आता तुमीच चालवा," म्हणाली.

मी म्हटलं, "बरं."

आणि मला बरं वाटलं. हे सांगायला तुमच्यापाशी आलो होतो मी, प्लेटीचं नाही. प्लेट एका दिवसाची चूक. पण तिनं चावी खिळ्याला लावली तेव्हा माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं, त्या रात्री मी पोटभर जेवलो. असला माणूस आहे मी.

पुढचं सगळं सावकाश झालं, म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. ती परत जीपनं जायला लागली. अंबाजोगाईला मी नेऊ लागलो. सुरुवातीला दर पंधरवड्याला, मग महिन्यानं. बसनं जायची कधी कधी, पण मांजरसुंब्याला उतरून दुसरी बस बघायची, केजवरून पुढं, आणि सोमवारी शाळेला परत — गुडघे धरायला लागल्यावर ते तिला होईना. मग ती माझ्यावर अवलंबून राहिली. विचारायची, "या रविवारी जमतंय का?" मी म्हणायचो, पुढच्या. उन्हाळ्यात मोटारी फार जळतात, काम असायचंच. काम खरं होतं. पण आधी माझ्या कामावाचून तिचं आईकडं जाणं अडत नव्हतं, हेही खरं.

एका रविवारी ती सकाळी आवरून बसली होती. आईसाठी मऊ भाकरी, दुधातला सांजा बांधून घेतलेला. मला एका विहिरीवरून बोलावणं आलं. म्हटलं, दोन तासांत येतो. मोटार अडकली, दोर तुटला, अंधार पडायला आलो. ती तशीच बसलेली, डबा जवळ. सांजा आम्हीच खाल्ला. त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या.

माती आटोपून बायका बसल्या होत्या. मेव्हण्याची बायको मंगलला म्हणत होती, "आक्का, तुमी गाडी घेऊन येत होता तवा आई रविवारी सकाळपासनं दारात बसायच्या बघा. मागून मागून कुठलीबी गाडी आली की विचारायच्या, मंगल हाय का?" ती बिचारी सहज बोलली. मी भिंतीला टेकून उभा होतो.

परतीच्या वाटेवर मंगल खिडकीतून बाहेर बघत होती. केज मागं पडल्यावर एकदम म्हणाली, "गाडी आता थरथरत न्हाई, न्हवं?"

मी म्हणालो, "न्हाई."

तिनं खिडकीची काच वर केली.

तिला कळलं होतं का? मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलंय. कधी वाटतं, तिला सगळं माहीत आहे आणि तिनं ते पोटात घातलंय. पण हा विचार माझ्याच सोयीचा आहे. तिनं पोटात घातलं असेल तर मला सांगायची गरज उरत नाही ना. म्हणून मी तो विचार आता करत नाही. तिला माहीत नाही. मी सांगितलं नाही, म्हणून माहीत नाही.

ती पांढरी गाडी आम्ही मागंच विकली. मंगल आता निवृत्त झाली. पोरगी पुण्याला नोकरीला. अश्विनी तिचं नाव. या दिवाळीला ती स्वतः गाडी चालवत घरी आली. नवी कोरी गाडी. मंगलनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग अश्विनी दार उघडून म्हणाली, "आई, बस ना. गावातनं एक चक्कर मार. मला दाखव तू कशी चालवायचीस."

मंगल पुढं झाली. पदराला हात पुसले आणि स्टिअरिंगवर ठेवले, बाहेरूनच, वाकून. क्षणभर मला वाटलं बसते आता. मग तिनं हात काढून घेतले. हसली. "न्हाई गं बाई. माझा पाय जड हाय. नव्या गाडीची वाट लावीन."

अश्विनी माझ्याकडं वळली. "बाबा, खरंच का हो? मला तर आठवतंय आई मस्त चालवायची."

मला इतकं सरळ कुणी कधीच विचारलं नव्हतं. मंगलही माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "चावी आण इकडं. ऊन लागतंय, सावलीला लावतो."

अश्विनीनं चावी दिली. मी गाडी सावलीला लावली, काचा वर केल्या आणि आत गेलो. मंगलनं पानं वाढली होती. मी जेवायला बसलो.